तीस फुटांवरचा क

तो क माझा होता.

दाताच्या डॉक्टरकडून बाहेर पडले होते. डावा गाल बधिर, अर्धी जीभ दुसऱ्या कुणाची तरी. सिग्नलला थांबले तर समोर, नव्या दुकानाच्या कपाळावर, लाल जमिनीवर पिवळा, काळ्या सावलीचा, पोटात पांढरी चमक घेतलेला क. 'माझा,' असं मी मोठ्याने म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. शब्दाऐवजी हनुवटीवर लाळ आली. शेजारच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हिरवा दिवा लागला, माणसं पलीकडे गेली, मी उभीच. स्वतःच्या पोराला गर्दीत ओळखायला चेहरा लागत नाही, चाल पुरते. या क ची चाल मला पाठ होती. डावीकडचं पोट भरून खाली उतरतो, काना ओलांडतो आणि उजवीकडच्या वळणावर जरासा अडखळतो. तिथे कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडते. ती खाच मी पाडलेली नाही, वाऱ्याने पाडलेली आहे. तीस फुटांवर बांबूंची परांची हलली की ब्रश क्षणभर भिंतीवरून सुटतो, पुन्हा टेकतो, आणि तुम्ही पुढे जाता, कारण मागे सरकायला तिथे फळी नसते.

दुकानाचं नाव होतं 'केक आणि कॉफी'. म्हणजे क तीन. तिघांच्याही उजव्या वळणावर तीच खाच, त्याच जागी, तेवढीच. एका परांचीचा एकच हेलकावा तिघांच्या वाट्याला कसा येईल? मी आयुष्यात दोन क सारखे काढले नाहीत. काढता आले नाहीत म्हणा हवं तर, मला चालेल. आणि दुसरं म्हणजे ते तिघंही बेढब होते. पाटी माणसाच्या डोक्यावर जेमतेम दोन हात, आणि हे क डोक्याकडे अवजड, पायाकडे आखूड, मान न धरलेल्या तान्ह्या मुलांसारखे. रस्त्यावरचे लोक बघत होते, पुढे जात होते. कुणाला त्यांच्या मानेखाली हात धरावासा वाटत नव्हता.

आत गेले. काउंटरवरच्या मुलीने माझ्या लोंबत्या गालाकडे बघून आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी बोटाने वर, पाटीकडे, दाखवलं.

'ते ना? मस्त आहे ना, काकू? रेट्रो आहे.'

'डोकं मोठं झालंय,' मी म्हणाले. निम्मं तरी तिला कळलं असावं.

'तीच तर स्टाईल आहे! सगळीकडे आलीये आता. चपलांच्या दुकानावर, त्या नव्या सिनेमाच्या पोस्टरवर, आमच्या बिलावर पण.' तिने बिल दाखवलं. बिलावर माझा क मुंगीएवढा होता आणि मुंगीएवढ्या क लाही खाच होती. मग तिने फोनवर काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरलं. 'मास्तर. ठळक, जुन्या वळणाचा शोभेचा टाइप. पोस्टर, पाट्या आणि मोठ्या मजकुरासाठी. एका विस्मृतीत गेलेल्या हाताला मानवंदना.' खाली फोटो. शर्ट, टोपी, कानामागे ब्रश.

फोटो दादाचा होता.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. पाट्या रंगवणारे त्याला चोविसाव्या वर्षापासून मास्तर म्हणतात, आणि चूक म्हणत नाहीत. जमिनीवर, टेबलावर, छातीच्या उंचीला त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. वकिलांच्या पितळी पाट्या, दवाखान्यांचे फलक, काचेच्या दारांवरची सोनेरी नावं, सगळं त्याचं. सरळ, मोजून मापून, डोकं आणि पाय यांचा हिशेब चोख. पण छातीच्या वर? आमचे वडील, अप्पा गेले, पाट्यांचं दुकान आमच्यावर पडलं आणि महिन्याभरात नाट्यगृहाचं काम आलं. दर्शनी भिंत, तीस फूट, पुरुषभर उंचीची अक्षरं. मी एकोणीस वर्षांची, रंग कालवायला खाली. दादा वर चढला. पहिलं अक्षर आखलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, विचार करतोय. अर्ध्या तासाने मी हाक मारली तर उत्तर नाही. वर गेले तेव्हा तो परांचीच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता, डोळे मिटून, आणि त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. 'बुटके,' तो डोळे न उघडता म्हणाला, 'जमीन हलतीये.' मी म्हणाले, 'जमीन खाली आहे, दादा. हलत असेल तर आपल्याला काय?' विनोद म्हणून म्हणाले होते. एकेक पायरी त्याचा पाय माझ्या हाताने खालच्या आडव्या बांबूवर ठेवत ठेवत मी त्याला उतरवलं. तो थिएटरच्या तिकीटखिडकीमागे जाऊन बसला. मालक दुपारी येणार होता, आणि भिंतीवर एका अक्षराची नुसती खडूची रेघ. मी म्हणाले, शर्ट काढ. टोपी दे.

एवढंच. जगातली मोठमोठी खोटी कामं बहुतेक अशीच सुरू होतात, घाईत, भावाबहिणीत, शर्ट काढ, टोपी दे. मालकाने खालून वर पाहिलं, त्याला शर्ट दिसला, टोपी दिसली. 'वा मास्तर!' असं ओरडला. मी ब्रश हलवला. तो शर्ट माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होता, पण खालून बघणाऱ्याला माणसाची उंची कळत नाही. खालून बघणाऱ्याला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत. अक्षराचं डोकं त्याच्यापासून लांब असतं, म्हणून बारीक दिसतं. पाय जवळ, म्हणून फताडे. वर उभं राहून नाकासमोर बरोबर काढलेलं अक्षर खालून चेंगरलेलं दिसतं. म्हणून डोकं वाढवायचं. किती वाढवायचं ते भिंतीच्या उंचीवर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. वर उभी असलेली मी ते बघू शकत नव्हते. ते दादा बघायचा. समोरच्या फुटपाथवर सायकल घेऊन, चेन पडल्याचं सोंग करत, वाकून. सायकलची घंटी एकदा वाजली की डोकं वाढव. दोनदा वाजली की पुरे. गावात एका माणसाची चेन बावीस वर्षं पडत होती आणि कुणाला संशय आला नाही.

बावीस वर्षं. मग छापील कापडाचे फलक आले आणि परांच्या उतरल्या. मी गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवल्या, मांडीवर घेऊन, बसून, मोठ्या डोक्याची गरज नसलेले आकडे. मग तेही साच्यातून यायला लागले. पण मी सांगत होते त्या दिवसाचं. गाल बधिर, हातात केकवाल्यांचं बिल. तशीच दादाकडे गेले.

दादा तळमजल्यावर राहतो. कायमच तळमजल्यावर राहिला. दार उघडायला पुतण्या आला आणि माझ्या तोंडाकडे न बघताच सुरू झाला, 'आत्या! तुलाच फोन करणार होतो! बाबांचा फॉन्ट निघालाय!' फॉन्ट काढणाऱ्या कंपनीतली चष्मेवाली मुलगी सहा महिने जुन्या पाट्या शोधत फिरत होती. पाडलेल्या थिएटरांचे, गिरण्यांचे, हॉटेलांचे पत्रे तिला भंगारवाल्याकडे मिळाले, चाळीसेक, सगळ्यांच्या कोपऱ्यात 'मास्तर'. तिने ते जमिनीवर मांडून, शिडीवर उभं राहून, बरोबर मधोमध वरून फोटो काढले. 'आणि तिला काय वाटलं सांगू? ही डोक्याकडे फुगलेली अक्षरं दुसऱ्या कुठल्याच पेंटरची नाहीत! म्हणाली, ही बाबांची प्रतिभा आहे. खास वळण!'

वहिनी आतून चहा घेऊन आली. माझ्याकडे बघितलं, कप ठेवला, आत गेली. वहिनीला सगळं ठाऊक आहे. चाळीस वर्षं त्या घरातले दिवे तीच बदलते, स्टुलावर चढून. पुतण्याला वाटतं, बाप आळशी.

'चष्मेवाली,' मी म्हणाले, 'तिने पत्रे आडवे पाडून बघितले?'

'हो. का?'

का. तीस फुटांवरचं अक्षर जमिनीवर आडवं टाकलं आणि वर उभं राहून बघितलं, तर ते फुगलेलंच दिसणार. उंचीसाठी वाढवलेल्या मापाला तिने वळण समजलं होतं. उंच माणसासाठी शिवलेला कोट बुटक्या माणसाला घालावा आणि म्हणावं, काय फॅशन आहे! मला हसू यायला लागलं, पण अर्धंच तोंड हसत होतं.

'आत्या, ऐक ना, शनिवारी सकाळी अकराला मोठा कार्यक्रम आहे. चौकातल्या भिंतीवर त्याच अक्षरांत 'मास्तर' लिहितायत. पहिली अक्षरं छापील, चिकटवलेली. शेवटचा र बाबा काढणार! स्वतःच्या हाताने! रस्त्यावरचे दिवे बदलायला ती गाडी येते ना, पाळणावाली, ती मागवलीये. बाबा पाळण्यातून वर जाणार!'

खिडकीजवळच्या खुर्चीत दादा वर्तमानपत्र धरून होता. वर्तमानपत्र हललं नाही.

'तू पहिल्या रांगेत. घरच्यांसाठी हा कागद आहे, तेवढा भरून दे.' माझ्या हातात कागद ठेवून, फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला.

दादाने वर्तमानपत्र खाली घेतलं. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाचा चेहरा परत लहान होतो. मला सहा-सात वर्षांचा दादा दिसला, ज्याला मी कधी पाहिलेलंच नाही.

'चिडलीयेस, बुटके.'

'नाही.'

'तोंड वाकडं झालंय.'

'दातवाल्याने बधिर केलंय. संध्याकाळपर्यंत सरळ होईल. मग चिडेन.'

तो हसला. मग हसणं मध्येच सोडून दिलं.

'नाही म्हण त्याला,' मी म्हणाले.

'काय कारण सांगू?'

'खरं.'

'एक्केचाळीस वर्षांचा झालाय. बापाबद्दल त्याला अभिमानाने सांगण्यासारखं एकच ठाऊक आहे, बाप वर चढायचा. शाळेत निबंध लिहिला होता त्यावर.'

'आणि आत्या काय करायची निबंधात?'

'रंग कालवायची.'

हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं की मला क्षणभर वाटलं, खरंच, मी रंग कालवायचे. हात वर होते ते कुणाचे? टाचांत येणारे गोळे, वाऱ्याने डोळ्यांत उडणारे टर्पेंटाइनचे थेंब, तिसऱ्या आडव्यावरून दिसणारी शहराची गच्च्यांची दुनिया, वाळत घातलेले कपडे, पतंगासारखा तरंगणारा कुणाचा तरी टॉवेल, आणि भिंतीच्या इतकं जवळ नाक की रंगाशिवाय काही नाही, नुसतं पिवळं, पिवळ्याच्या पुढे पिवळं, आणि मी त्या पिवळ्याच्या आत कुठेतरी क चं पोट भरत असलेली. तेवढी सुखी मी नंतर कधी झाले नाही. आणि त्या सुखावर शर्ट त्याचा होता.

'मी सांगणार आहे,' मी म्हणाले.

'सांग की. मी गेल्यावर सांग.'

'मी आधी गेले तर?'

'तू कसली जातेस? चार मजले जिन्याने चढतेस रोज.' मग आवाज खाली गेला. 'आणि तुला तरी काय दिसायचं गं वरून? नाकासमोर रंग. अक्षर मला दिसायचं. डोकं वाढव, कोण म्हणायचं?'

'तू.'

'मग?'

'तेही सांगेन.'

त्याने वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. घरी जाताना मी चपलांच्या दुकानासमोर उभी राहिले, पोस्टरसमोर उभी राहिले, सगळीकडे तीच मोठी डोकी. हात माझा. डोळा त्याचा. तो खाली होता म्हणून ती डोकी मोठी. आपलेच दात, आपलेच ओठ, आणि त्यातला एक गाल बधिर. पण डोळ्याचं नाव जगभर लागलं होतं आणि हाताला पहिल्या रांगेत खुर्ची मिळत होती.

कागद असा होता.

नाव : (भरलं.)

मास्तरांशी नातं : बहीण

खोडलं.

मास्तरांशी नातं : शर्ट एकच

खोडलं. विनोद वाटला असता.

मास्तरांना काम करताना आपण पाहिलं आहे का? : हो. समोरच्या फुटपाथवर.

मास्तरांची एखादी आठवण (शंभर शब्दांत) : मास्तर वर गेले नाहीत. मास्तर कधीच

पुढे ओळ संपली. कागद अरुंद होता. पाट्या रंगवणारा आधी दोन्ही टोकांकडून मोजतो, मधोमध खूण करतो, मगच पहिलं अक्षर. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा न मोजता लिहिलं होतं. फाडला.

शनिवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. दाढ शिवशिवत होती. मी स्वतःशी भांडत होते आणि दोन्ही बाजूंनी मीच हरत होते. एक म्हणायची, म्हातारपणी कशाला? दुसरी म्हणायची, म्हातारपणी नाही तर काय बारशाला? तो भाऊ आहे. आणि मी? त्याने तुला कधी अडवलं का? त्याने मला कधी उतरवलंही नाही. एकदा, फक्त एकदा, एका हॉटेलची पाटी पुरी झाल्यावर मी टोपी न घालता खाली आले होते, केस मोकळे, शर्ट खांद्यावर. रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याने दादाला विचारलं, 'ही कोण?' दादा म्हणाला, 'आमची. रंग कालवते.' त्या दिवशी मी का बोलले नाही? मला वाटलं, पुढच्या पाटीला बोलू. पुढच्या पाटीला. पुढच्या. बावीस वर्षं मी मूग गिळले, आणि मूग गिळणाऱ्याचं पोट भरतं असं कुणी सांगितलं?

शनिवार. चौक. भिंत. रस्ता दोन तासांसाठी अडवलेला, खुर्च्या, फुगे, कॅमेरे. भिंतीवर दहा फुटांवर 'मास्त' आणि पुढे मोकळी जागा, तिच्यात ठिपक्यांनी आखलेला र, रंग भरायची वाट बघत. म्हणजे दादाने काढायचाही नव्हता, नुसता भरायचा होता. लहान मुलांच्या पुस्तकात असतं तसं. आणि ते म आणि ते स्त! तीस फुटांवरचे, दहा फुटांवर आणून टांगलेले, आपल्याच डोक्याच्या भाराने पुढे झुकलेले. खालून प्रत्येक जण म्हणत होता, काय ठसठशीत आहे!

चष्मेवाली माइकवर बोलली. मुलगी वाईट नव्हती. पत्रे धुताना मला रडू यायचं, असं म्हणाली, आणि ते खरं वाटलं. मग दादाचं नाव घेतलं. टाळ्या. दादा उठला. मला वाटलं, आता सांगेल, गुडघे दुखतात, वय झालं, काहीतरी. त्याने सांगितलं नाही. तो सरळ पाळण्याकडे चालत गेला आणि आत पाऊल ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. वहिनी माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं.

गाडीवाल्याने दांडा ओढला. पाळणा कुरकुरत उठला. एक फूट. दोन. दादाच्या हातात नवा ब्रश होता. तीन फुटांवर ब्रश खाली पडला. चौथ्यावर तो कठड्याला मिठी मारून खाली बसला, डोळे मिटून, आणि त्याच्या पाठीवर मला तो नकाशा दिसला, सेहेचाळीस वर्षांत एक रेघ न बदललेला.

'खाली घे!' मी ओरडले. 'अरे खाली घे आधी!'

उतरवला. पुतण्या धावला, पाणी, खुर्ची, वारा. 'चक्कर आली. वय झालंय. ऊन आहे.' आजूबाजूच्या सगळ्यांनी मान डोलावली, आणि मी बघितलं की खोटं पुन्हा एकदा आपोआप शिवून तयार झालंय, मला घालायला सुद्धा सांगत नाहीये, नुसतं गप्प बसायचं. चष्मेवाली घाबरून म्हणत होती, 'हरकत नाही, हरकत नाही, र पण आपल्याकडे छापील आहे, चिकटवून टाकू.'

मी जमिनीवरचा ब्रश उचलला. किमतीची चिठ्ठी अजून दांड्यावर होती. पिवळा, काळा, पांढरा, तिन्ही रंगांचे डबे उचलले. पाळण्यात चढले.

'आत्या! काय करतेयस?' पुतण्या.

'तुझ्या निबंधातली चूक दुरुस्त करतेय.'

'ताई, तुम्ही कोण?' चष्मेवाली.

'वर गेल्यावर सांगते. गाडीवाले भाऊ, ओढा.'

'बाई, पडाल,' गाडीवाला म्हणाला.

'पडले तर तुझ्या अंगावर पडेन. ओढ.'

त्याने ओढलं. दहा फूट म्हणजे काही उंची नाही, मी त्यापेक्षा उंच माळ्यावर डबे ठेवते. पण पायाखालची फळी हलली आणि माझ्या टाचांना सगळं आठवलं, टाचा माझ्याआधी खूश झाल्या. समोर ठिपक्यांचा र. मोठ्या डोक्याचा, साच्यातला. मी तळहाताने पुसला. खडूची भुकटी होती, दोन हातांत गेली. खालून आवाज आले. र अवघड असतो. त्याला टेकायला काना नसतो. एका पायावर उभं राहायचं आणि तोल सांभाळून दाखवायचा. मी समोरच्या फुटपाथकडे एकदा बघितलं. खुर्चीत दादा, हातात पाण्याचा ग्लास. अंतर मोजलं, रुंदी मोजली, दहा फुटांना किती डोकं लागतं ते माझं मीच ठरवलं. थोडं. अगदी थोडं. आणि काढला. एका दमात, पोट, पाय, शेपूट. मग सावली. मग पोटात चमक.

खाली कुणीतरी म्हणालं, 'हा बारीक झाला.' दुसरं कुणी म्हणालं, 'नाही, थांब. हा बरोबर दिसतोय.'

'ताई!' चष्मेवाली ओरडली. 'तो बाकीच्यांसारखा नाहीये!'

'बाकीचे चुकलेत!'

'अहो, पण ते मास्तरांचे आहेत!'

'ते तीस फुटांचे आहेत! पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर टांग ते, मग इथून बघ, सरळ दिसतील! आणि ते मास्तरांचे नाहीत. मी काढलेत. चाळीसच्या चाळीस. मास्तर खालून डोकं वाढव म्हणायचा, मी वाढवायचे. तो वर चढत नाही. कधीच चढला नाही. आत्ताच बघितलंत.'

एवढं बोलल्यावर चौकात जी शांतता झाली ती मला फार आवडली. मी तिला घाईने संपवलं नाही. पुतण्या बापाकडे बघत होता. वहिनी खुर्चीमागे उभी, दोन्ही हात दादाच्या खांद्यांवर. दादा र कडे बघत होता. मग मान तिरकी करून, सबंध चौकाला ऐकू जाईल अशा जुन्या दुकानदारी आवाजात म्हणाला, 'शेपूट लांब झालंय, बुटके.'

'झालं असेल,' मी वरून म्हणाले. 'राहील तसंच.'

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. ती रस्त्याच्या मधोमध गेली, मागे गेली, आणखी मागे गेली, एकदा म कडे, एकदा र कडे. तिचं तोंड हळूहळू उघडं पडत गेलं. ज्याने सहा महिने आरशाच्या पाठीला चेहरा समजून जपलं त्याचं तोंड तसं होत असावं. मग पुतण्या पुढे आला, पाळण्याच्या बरोबर खाली, हलक्या आवाजात, घरच्या भांडणात बोलतात तसा.

'आत्या, खाली ये. हे सगळं छापून झालंय गं. नाव, फोटो, सगळं. पाहुणे येतायत बाराला. हा र पुसता येईल ना?'

'येईल की. टर्पेंटाइनने. ओला आहे तोवर.'

'मग वाळायला किती वेळ?'

'ऑइल पेंट आहे. सहा तास.'

तो गाडीवाल्याकडे वळला. मीही वळले. गाडीवाला मघापासून र कडे बघत होता. त्याने दांड्यावरचा हात काढला, इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकून चहा प्यायला निघून गेला.

मी पाळण्यात बसले, पाय बाहेर सोडून. ऊन चांगलं होतं.